साहेबांच्या मेंदूवरचा बदली कामगार

साहेबांचा मेंदू काही आठवडे मी चालवला आणि जवळजवळ भंगारात काढला. चूक माझी. संगणकाची नाही, ज्या कॉलेजने तो संगणकावरचा उद्योग काढला त्याचीही नाही, आणि साहेबांची तर नाहीच नाही. साहेबांची चूक काढेल असा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात अजून कुठल्या कंपनीने भरती केलेला नाही. चुका काढणं हे साहेबांचं खातं. या पट्ट्यात आजवर जितके नटबोल्ट तयार झाले असतील, त्यापेक्षा चार जास्तच चुका या एका माणसाने काढल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

साहेब म्हणजे चाकणच्या ज्या कारखान्यात मी लेथ चालवत होतो, तिथले तपासणी विभागाचे प्रमुख. गिअरबॉक्सला लागणारा एकेक तुकडा त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्याच्यावर तीनपैकी एक शिक्का बसायचा : ओके, रिवर्क, रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांचं टेबल ठेवून घेतलं, पण शिक्के साहेब बरोबर घेऊन आले. भाजी घ्यायला गेले की एकेक भेंडी उचलून तीन ढीग करतात, आणि भाजीवाली तिन्ही ढीग पुन्हा एक करून म्हणते, घ्यायची तर घ्या, न्हाईतर ऱ्हावा. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा कांदेपोहे खाऊन उठताना त्यांनी सर्वांसमक्ष निकाल दिला होता, ‘मुलगी ओके. बाप रिवर्क.’ ते लग्न झालं, पण त्या बापाने अजून साहेबांना पानसुपारीला बोलावलेलं नाही. आमचा एक जुना फिटर वारला, तेव्हा तिरडीची बांधणी बघून साहेबांनी सुतळी सोडायला लावली आणि नव्याने बांधून घेतली. खांदेकरी खोळंबले, पोरगा मडकं धरून उभा. साहेब मला हळूच म्हणाले, ‘आयुष्यभर एक नट धड आवळला नाही याने. निदान जाताना तरी नीट आवळलेला जावा.’ हे बोलताना त्यांचे डोळे भरलेले होते, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही त्यांना नुसतेच खडूस समजाल. खडूस ते आहेतच, पण नुसते नाहीत.

मी मूळचा मोशीचा. आमच्या कांद्याच्या वावरात जी सोसायटी उभी राहिली, तिच्यातच साहेबांनी फ्लॅट घेतला, आणि त्या दिवसापासून त्या इमारतीतल्या प्रत्येक दोषाला मी जबाबदार झालो. भिंत ओळंब्यात नाही, तुझं वावरच तिरकं असणार. नळाला पाणी नाही, तुझ्या विहिरीचं तरी कुठं टिकत होतं. वहिनी होत्या तोवर त्या मधे पडायच्या. म्हणायच्या, ‘भावजी, तुम्ही मनावर घेऊ नका, माझ्या पोळ्यांनाही व्हर्नियर लावून झालंय.’ खोटं नव्हतं. जाडी मोजायचा तो व्हर्नियर स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला मी पाहिलाय. आता वहिनी नाहीत. व्हर्नियर आहे.

वहिनी गेल्या आणि साहेबांची झोप गेली. तशी ती झोप आधीपासूनच आजारी होती म्हणा. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड अशा शिफ्टच्या चरकात सगळी उमेद गेलेल्या माणसाच्या शरीराला शेवटी कळेनासं होतं की आपण आता कामावर आहोत का घरी. पण तिची एवढी वाईट अवस्था कधी झाली नव्हती. सकाळी साहेब लालबुंद डोळे घेऊन शेजारच्या माझ्या घराच्या ओट्यावर यायचे आणि रात्रीचं उत्पादन सांगायचे : ‘रात्रभरात जेमतेम तासभर माल निघाला, तोही रिवर्कचा.’ लोकांनी उपाय सुचवले. जायफळ घातलेलं दूध प्यायले, ते रिजेक्ट. तळपायाला काशाच्या वाटीने तूप घासून घेतलं, घासणारा झोपला, साहेब जागे. मी म्हणालो, मेंढरं मोजा. दुसऱ्या दिवशी मला झापलं. कळपातली दोन मेंढरं लंगडी निघाली, म्हणे, आणि ती बाजूला काढण्यात पहाट झाली.

साहेबांचा मुलगा ताथवड्याला राहतो, तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. चांगला आहे पोरगा. बापाची काळजी करतो, फक्त ती मोबाइलवरून करतो. त्याने कुठूनसं शोधून काढलं की एका कॉलेजात म्हाताऱ्यांच्या झोपेवर संशोधन चाललंय. ज्यांना झोप येत नाही अशा ज्येष्ठांना घरबसल्या संगणकावर मेंदूचा व्यायाम द्यायचा, मनगटावर झोप मोजणारा पट्टा बांधायचा, आणि मेंदूला घाम फुटला की झोप येते का, झोप आली की मेंदू तल्लख होतो का, ते बघायचं. पीएचडी करणारी एक गोड मुलगी घरी येऊन सगळी जोडणी करून गेली. तिने ‘आजोबा’ म्हणून सुरुवात केली. साहेब म्हणाले, ‘आधी नातं तपासा, मग लेबल लावा.’ तेव्हापासून ती त्यांना सर म्हणते आणि मला आजोबा म्हणते. मी साहेबांपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे.

व्यायाम म्हणजे खेळच. पडद्यावर एकेक पक्षी येणार; मघाचाच पक्षी पुन्हा आला की बटण दाबायचं. किराणा मालाची नावं ऐकायची आणि थोड्या वेळाने ओळीने सांगायची. मधे एक गाडी दिसते आणि त्याच वेळी कडेला कुठेतरी दिवा लुकलुकतो, तो टिपायचा. बरोबर आलं की टिंग वाजतं, चुकलं की एक बाई अत्यंत प्रेमाने म्हणते, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ पहिल्या आठवड्यात साहेबांनी हे सगळं स्वतः केलं, म्हणजे त्या खेळाची तपासणी केली. तिसऱ्या पक्ष्याची शेपटी दर खेपेला थोडी वेगळी काढलीय, तेव्हा तो तोच पक्षी धरता येणार नाही, असं त्यांनी त्या मुलीला फोन करून कळवलं. किराण्याच्या यादीत तूरडाळ आहे आणि हिंग नाही, हे स्वयंपाक न येणाऱ्या माणसाचं काम आहे, असंही कळवलं. मुलगी म्हणाली, सर, तुम्ही फक्त खेळा. साहेब म्हणाले, फक्त खेळायचं वय गेलं माझं. पण एक होतं, कामाच्या वेळेला ते चोख. साहेब अजून फर्स्ट शिफ्टच्या सवयीने दिवेलागणीलाच जेवतात. जेवण झालं, चूळ भरली, की संगणकासमोर हजर.

एके दिवशी मी सहज डोकावलो होतो. साहेब पक्षी तपासत बसलेले, मी शेजारी शेंगा फोडत. आणि साहेबांना जांभई आली. घरात पाळणा हलावा तसा मला आनंद झाला. मी काही बोलणार तेवढ्यात साहेब उठले, पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटता मिटता म्हणाले, ‘जरा मशीन बघ.’

आता ज्याने कधी शॉपफ्लोअरवर पाय ठेवला नाही, त्याला या दोन शब्दांचं वजन कळायचं नाही. शेजारचा ऑपरेटर चहाला निघाला, पोट बिघडलं म्हणून पळाला, बायकोचा फोन आला, काही झालं तरी मशीन थांबवायचं नसतं. तो नुसतं म्हणतो, ‘मशीन बघ,’ आणि तुम्ही बघायचं असतं. का, किती वेळ, विचारायचं नाही. निघालेला माल त्याच्या नावावर, आणि झालेला घोटाळाही त्याच्याच नावावर. मी हातावरची टरफलं झटकली आणि खुर्चीत बसलो. पडद्यावर पक्षी आला. तो मघाचा होता की नव्हता हे मला आजतागायत माहीत नाही. मी दाबलं. बाई म्हणाली, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ साहेब घोरायला लागले.

त्या दिवशी साहेब उजाडेपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तो रिवाजच पडला. साहेब जेवायचे, मी खुर्चीत बसायचो, पहिल्या दोनचार ‘पुन्हा प्रयत्न करा’मध्ये साहेबांची झोप लागायची, मी पाळी पुरी करायचो, दिवा मालवून, दार ओढून घरी जेवायला जायचो. आपण फार मोठं पुण्य करतोय अशा थाटात. साहेब गुबगुबीत दिसायला लागले. भाजीवालीने सांगितलं, आज भेंडीचे दोनच ढीग केले.

तिकडे कॉलेजात मात्र संशोधनाला कापरं भरलं. पट्टा सांगत होता, झोप झकास. संगणक सांगत होता, डोकं उतरणीला. त्यातही पट्टा म्हणे सर झोपलेत आणि संगणक म्हणे सर खेळतायत, एकाच वेळी. मुलीने पट्टा बदलून दिला. साहेब म्हणाले, कॅलिब्रेशन बघा. नवा पट्टाही तेच सांगायला लागला. मोठा शहाणपणाचा निष्कर्ष निघाला की दोन्ही घड्याळं जुळत नसावीत. हा माणूस झोपला असेल आणि दुसराच कुणी खेळत असेल, ही गोष्ट तिच्या गावीही नव्हती. कारण बिचारी कधी रात्रीच्या थर्ड शिफ्टला गेलेली नव्हती.

मुलाच्या मोबाइलवर रोज बापाच्या मेंदूचा आलेख जायचा. बाप फक्त रविवारी दिसायचा, आलेख रोज दिसायचा, त्यामुळे त्याचा विश्वास आलेखावर बसला. एका रविवारी तो बायकोला घेऊन आला आणि हळूच बोलला : बाबा, हे घर आता बंद करू. तुम्ही एकटे राहण्यासारखे नाही राहिलात. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. सून म्हणाली, गॅस चालू राहिला तर? नाव विसरलात तर? साहेबांनी तिला तिचं नाव, तिच्या आईचं नाव आणि लग्नात आलेली भांडी कुठल्या दुकानाची होती तेही सांगितलं. पण आलेख खाली चालला होता, त्याला कोण काय करणार. महिनाअखेरीला कॉलेजात समोर बसवून चाचणी होती. त्यात असंच निघालं, तर तिथूनच ताथवडे.

साहेबांना ताथवडे म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. चौदावा मजला, जिथं खाली उतरून भांडायला भाजीवाली नाही, ओट्यावर बसायला ओटा नाही आणि व्हर्नियर टांगायला भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत. मी म्हणालो, ‘साहेब, सांगून टाकू ना. माल माझा हाय, तुमचा न्हाई.’ साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुन्हा लेथवर उभा असल्यासारखं वाटलं. म्हणाले, ‘नाव कुणाचं आहे त्याच्यावर? माझं. खोटा रिपोर्ट दिला असं आयुष्यात कुणी म्हटलं नाही मला. वेडा म्हणाले तर चालेल.’

म्हणजे हा माणूस घर सोडायला तयार, पण आपण चुकीचा माल पुढे सोडला हे कबूल करायला तयार नाही. अशा माणसापुढं काय करायचं? मी शहाणपणा केला. ठरवलं, आपणच मेंदू सुधारू, चाचणीपर्यंत आलेख वर नेऊ. सकाळी भिजवलेले बदाम खाल्ले. शीर्षासन करायला गेलो, कपाट पडलं. मग बायकोला सोबत घेऊन गेलो. म्हटलं, पक्षी तू लक्षात ठेव, मी दिवा बघतो. पहिल्याच पक्ष्यावरून आमचं वाजलं. ती म्हणे, ही साळुंकी, मघाशी व्हती. मी म्हणे, मघाशी पारवा व्हता. दोघांनी एकदमच बटण दाबलं, ते अडकलं. त्या दिवशीचा आलेख इतका खाली गेला की मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून बापाला चाचणीनंतर दवाखान्यात न्यायची वेळ घेऊन ठेवली. घरी परतताना बायको म्हणाली, ‘तुमी एकट्यानं बरं चाललं व्हतं.’

चाचणीच्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बॅग भरलेली होती. व्हर्नियर त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, कोरड्या जागी ठेव. मी कॉलेजपर्यंत गाडीत तो मांडीवर धरून बसलो होतो. मुलगा गाडी चालवताना साहेबांना अधूनमधून विचारत होता, बाबा, आज वार कोणता? साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर येत होतं म्हणूनच दिलं नाही, हे गाडीत फक्त मला कळत होतं.

कॉलेजातल्या खोलीत ती मुलगी, तिचे मार्गदर्शक सर, साहेबांचा मुलगा आणि मी. मार्गदर्शक सरांनी पडद्यावर आलेख दाखवला आणि मोठ्या दुःखी आवाजात ऱ्हासाबद्दल बोलायला लागले. अशी अवस्था असताना माणूस स्वतःचं स्वतः जेवतो हेच नवल, असंही म्हणाले. इथे माझा संयम सुटला. साहेबांसाठी सुटला असं सांगायला मला आवडेल, पण खरं म्हणजे स्वतःच्या डोक्याची एवढी निंदा मला ऐकवेना. मी म्हणालो, ‘ओ सर, तो मी हाय.’

कुणाला काही कळेना. मी सगळं सांगितलं. शेंगा, जांभई, मशीन, साळुंकी. मुलीने कपाळावर हात मारला. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘कुणी विचारलं होतं तुला?’ मग त्यांना तिथंच बसवलं. साहेबांनी पक्षी ओळखले, दिवे टिपले, किराणा ओळीने सांगितला आणि शेवटी तिसऱ्या पक्ष्याची शेपटी अजून तशीच आहे हेही नोंदवायला लावलं. मार्गदर्शक सर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. साहेब म्हणाले, ‘वयाचा मान वजा करून सांगा.’

मुलगी संशोधक होती, तिला राहवेना. तिचं सगळं काम वाया गेलं होतं, तरी तिने वही मिटून विचारलं, ‘पण सर, व्यायाम तुम्ही केलाच नाहीत. मग झोप कशी यायला लागली तुम्हाला?’

साहेब शर्टाची बाही ठीक करत होते. म्हणाले, ‘हा जागा होता ना. मग मी कशाला जागू?’

मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला. ती मुलगी मग माझ्याकडे वळून काळजीने म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला झोप नीट येते ना?’ मी म्हणालो, उशीला डोकं लागायचा अवकाश. ती आणखीच हिरमुसली. झोप उत्तम आणि डोकं असं, हे तिच्या संशोधनात कुठेच बसत नव्हतं. परतीच्या वाटेवर मुलाने गाडी मोशीकडे घेतली. रिकाम्या खोलीचं नाव काढलं नाही. फक्त सोसायटीच्या फाटकाशी म्हणाला, ‘बाबा, मी बुधवारीपण येत जाईन.’ साहेब म्हणाले, ‘बुधवारी लाइट नसते.’ पण गाडीचं दार त्यांनी हळू लावलं.

साहेबांचं नाव त्या प्रकल्पातून काढलं, पट्टा परत गेला. माझ्याशी साहेब चांगले आठवडाभर बोलले नाहीत. मी त्यांच्या रिपोर्टाला खोटं ठरवलं होतं, आणि तेही लोकांसमोर. सकाळी ओट्यावरून जायचे, डोळे पुन्हा लाल, पण उत्पादन सांगायला थांबायचे नाहीत. मी व्हर्नियर परत द्यायला गेलो, तर दारातूनच घेतला आणि दार लावलं.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘काय करतोयस?’ मी म्हणालो, जेवतोय. म्हणाले, ‘जेवून झालं की ये.’ गेलो. संगणक तिथंच होता, मुलाचा जुनाच. त्यावर त्या खेळाचा फुकटातला नमुना त्यांनी स्वतः उतरवून ठेवला होता. पक्षी कमी, बाई तीच. साहेबांनी खुर्ची ओढून दिली, पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बटण दाबलं. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. मला वाटलं, म्हातारा दमलाय, आवाजाने उठायचा, म्हणून मी दया करून आवाज बंद केला. लगेच पलंगावरून प्रश्न आला, ‘मशीन का थांबलं?’ मी आवाज पुन्हा मोठा केला.

आता रोज जातो. वहिनींचा फोटो संगणकाच्या वरच्याच भिंतीवर आहे. मी चुकलो की त्या हसतात असा मला भास होतो, आणि मी चुकतो पुष्कळदा. परवा खेळ संपायच्या आत साहेबांना मधेच जाग आली. उठून पाणी प्यायले, माझ्या खांद्यावरून पडद्यावर वाकले, चष्मा पुढे-मागे करून आकडा नीट वाचला. मी जरा ताठ बसलो. त्या दिवशी चार पक्षी बरोबर आले होते.

साहेब परत जाऊन पडले, पांघरूण ओढून घेतलं, आणि आतूनच म्हणाले, ‘एवढ्या सरावाने माकडसुद्धा सुधारलं असतं. उद्या जरा लवकर ये.’